बसतं म्हणून भरायचं नसतं!

गेममध्ये रिव्हॉल्व्हर उचललं की आपण काय करतो? दिसेल ती गोळी भरतो आणि सुटतो! खऱ्या रिव्हॉल्व्हरचं तसं नसतं, मित्रांनो. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये जास्त दाबाची गोळी घातली, तर समोरच्याआधी स्वतःचाच हात जाऊ शकतो. हा धडा जगाला ज्याच्या बंदुकांमुळे मिळाला, तो माणूस म्हणजे सॅम्युअल कोल्ट.

सॅमचा जन्म १८१४ चा, अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. आई लहानपणीच गेली, वडिलांचा धंदा बुडालेला. शाळेपेक्षा पोराचा जीव स्फोटांच्या प्रयोगात जास्त. शेवटी १८३० मध्ये, सोळाव्या वर्षी, घरच्यांनी त्याला जहाजावर धाडलं. आणि जहाज निघालं कुठे? थेट आपल्या कोलकात्याला! त्याच सफरीत त्याने लाकूड कोरून फिरत्या सिलिंडरचं मॉडेल बनवलं. जहाजाचं चक्र बघून ही आयडिया सुचली, असं तो पुढे सांगायचा.

परत आल्यावर वडिलांनी थोडे पैसे दिले. त्यातून बनलेलं पहिलं पिस्तूल पहिल्याच बाराला फुटलं! पण गडी खचला नाही. स्वतःला 'डॉक्टर' म्हणवून घेत तो गावोगाव लाफिंग गॅसचे खेळ करत फिरला आणि भांडवल जमवलं. १८३६ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं, न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना निघाला. तोही १८४२ पर्यंत बंद पडला. वय अवघं अठ्ठावीस, आणि करिअर संपल्यात जमा.

मग आलं मेक्सिकोचं युद्ध. सॅम्युअल वॉकर नावाच्या कॅप्टनला दणकट रिव्हॉल्व्हर हवं होतं. सरकारने एक हजार नगांची ऑर्डर दिली. कोल्टकडे तर कारखानाच नव्हता! त्याने १८४७ मध्ये दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेतला. 'कोल्ट वॉकर'चं वजन दोन किलोच्या आसपास. प्रत्येक कप्प्यात साठ ग्रेन, म्हणजे जवळपास चार ग्रॅम काळी दारू मावायची. त्या काळात एवढी ताकद म्हणजे कहरच.

पण इथेच घोळ झाला. दारू पेटली की वायू तयार होतो आणि त्याचा दाब सिलिंडरच्या भिंतीवर चहूबाजूंनी पडतो. तेव्हाचा धातू आजच्या स्टीलसारखा एकजिनसी नव्हता. परिणाम? बरेच सिलिंडर फुटले. कोल्टने यातून धडा घेतला. १८४८ पासून आलेल्या 'ड्रॅगून' मॉडेलमध्ये सिलिंडर आखूड केला आणि दारू पन्नास ग्रेनपर्यंत खाली आणली. ताकद थोडी गेली, भरवसा आला.

पुढे पैसा धो धो आला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात नाव झालं, १८५५ मध्ये हार्टफर्डला भला मोठा कारखाना उभा राहिला. १० जानेवारी १८६२ ला कोल्ट गेला, तेव्हा तो फक्त सत्तेचाळीस वर्षांचा होता. अमेरिकेत यादवी पेटली होती. त्याच्या बंदुकांनी कितीजणांचे जीव घेतले, हा हिशेबही त्याच्या नावासोबतच येतो.

खरी गंमत पुढे आहे. त्याच्या कंपनीचं १८७३ चं 'सिंगल अॅक्शन आर्मी' मॉडेल काऊबॉय सिनेमांमुळे सगळ्यांना माहीत झालं. तेही काळ्या दारूसाठीच बनलेलं. नंतर बिनधुराची दारू आली. तेवढ्याच जागेत तिची ताकद कितीतरी जास्त. कंपनीने या मॉडेलला नव्या दारूची हमी दिली ती थेट १९०० मध्ये. म्हणजे दोन बंदुका दिसायला डिट्टो सेम, पण एकीत चालणारी गोळी दुसरीत जीवघेणी!

आजही .४५ कोल्ट काडतुसाची ठरलेली कमाल दाबमर्यादा १४,००० पीएसआय आहे. पण त्याच मापाची, जवळपास दुप्पट दाबाची काडतुसं फक्त मजबूत आधुनिक रिव्हॉल्व्हरसाठी भरली जातात. जुन्यात ती आरामात बसतात. धोका तोच! उलट १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम काढताना त्याचं काडतूस मुद्दाम तीनेक मिलिमीटर लांब ठेवलं, म्हणजे ते .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये. आणि एकदा झाडली, काही झालं नाही, म्हणजे चालतंय असंही नाही. धातूला बारीक तडा जातो, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढच्या एखाद्या बाराला सिलिंडर उघडतो.

मग जुनं रिव्हॉल्व्हर चालवायचं का? उत्तर सरळ आहे. ते कधी बनलं, कुठल्या दारूसाठी बनलं, हे आधी बघायचं. जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यायचं. शंका असेल तर ते कपाटातच शोभून दिसतं.

कोल्टला हे पहिल्याच पिस्तुलाने शिकवलं होतं. तरी वॉकरच्या वेळी ताकदीचा मोह झालाच. फरक एवढाच, की चूक कळल्यावर त्याने दहा ग्रेन कमी करण्यात कमीपणा मानला नाही.