गॅरेट मॉर्गन

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ हे तालुक्याचे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. मालवण आणि वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांनाही हे गाव सोयीचे आहे. महामार्गावरून ट्रक आणि एस.टी. गाड्या वेगाने धावतात. आतल्या रस्त्यांवरून रिक्षा, सायकली आणि शाळेला निघालेली मुले येतात. असे दोन रस्ते जिथे मिळतात, तिथे कोणी थांबायचे आणि किती वेळ थांबायचे, हे नीट ठरवावे लागते. एका सेकंदाची चूकही जीव घेऊ शकते. हे ज्यांनी फार पूर्वी ओळखले, त्यांची ही गोष्ट.

गॅरेट मॉर्गन यांचा जन्म ४ मार्च १८७७ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला. ते कृष्णवर्णीय होते. त्यांच्या आईवडिलांनी गुलामगिरी सोसली होती. घरच्या गरिबीमुळे त्यांची शाळा लवकर सुटली. चौदाव्या वर्षी ते कामाच्या शोधात घराबाहेर पडले. मात्र त्यांनी शिकणे सोडले नाही. मजुरीच्या पैशांतून त्यांनी शिकवणी लावली. १८९५ साली ते क्लीव्हलंड शहरात आले आणि शिवणयंत्रे दुरुस्त करू लागले. यंत्रांशी त्यांची मैत्री जमली. १९०७ मध्ये त्यांनी स्वतःचे दुकान उघडले.

धुरात काम करणाऱ्यांसाठी त्यांनी एक टोप तयार केला. धूर वर जातो आणि जमिनीजवळची हवा त्या मानाने स्वच्छ राहते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी टोपाला खालपर्यंत लोंबणारी नळी जोडली. १९१६ च्या जुलै महिन्यात क्लीव्हलंडजवळ सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला आणि आत विषारी वायू भरला. मदतीला गेलेले लोकही परत आले नाहीत. तेव्हा मॉर्गन आणि त्यांचा भाऊ टोप घालून आत उतरले. त्यांनी अडकलेल्या माणसांना बाहेर काढले. पण गौरव मात्र दुसऱ्यांचा झाला. कातडीचा रंग आड आला. टोप विकण्यासाठीही त्यांना गोऱ्या माणसाला पुढे करावे लागे.

तरीही ते लोकांच्या उपयोगाचे काम करीत राहिले. रस्त्यांवर मोटारी आणि घोडागाड्या एकत्र धावत होत्या. लंडनमध्ये १८६८ साली आणि क्लीव्हलंडमध्ये १९१४ साली दिव्यांचे सिग्नल लागले होते. परंतु अनेक सिग्नलांत 'थांबा' आणि 'जा' एवढेच दोन इशारे असत. इशारा एकदम बदलला, की एका बाजूची गाडी चौकाच्या मध्येच असताना दुसऱ्या बाजूची गाडी सुटे. अशीच एक टक्कर मॉर्गन यांनी पाहिली, असे सांगतात.

त्यांनी इंग्रजी 'टी' अक्षरासारखा खांब तयार केला. त्याचे हात दांडा फिरवून हलवता येत. त्यात तिसरा इशारा होता : चारही बाजूंनी थांबा! तेवढ्या वेळात चौक रिकामा होई आणि पायी चालणाऱ्यांनाही वाट मिळे. २० नोव्हेंबर १९२३ रोजी त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले.

आता थोडे गणित करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. २० मीटर रुंदीचा चौक ओलांडायला तिला एका सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. पायी चालणाऱ्या माणसाला मात्र सुमारे पंधरा सेकंद लागतात. म्हणूनच आजचे अभियंते वाहनांचा वेग, चौकाची रुंदी आणि माणसांची चाल पाहून सिग्नलची वेळ ठरवतात. महामार्गावरून उतरणारा रस्ता जिथे गावच्या रस्त्याला मिळतो, तिथे अनेकदा दोन सिग्नल जवळजवळ असतात. त्यांचा मेळ बसला नाही, तर थांबलेल्या गाड्यांची रांग मागे महामार्गापर्यंत पोहोचते. मग मागून वेगाने येणारी गाडी तिच्यावर आदळण्याचा धोका असतो.

२७ जुलै १९६३ रोजी मॉर्गन यांचे निधन झाले. ज्या शहराने त्यांना योग्य मान दिला नव्हता, त्याच क्लीव्हलंडमधील जलशुद्धीकरण केंद्राला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

मित्रांनो, एखाद्या चौकात सगळ्याच बाजूंचे दिवे क्षणभर लाल दिसले, तर उतावीळ होऊ नका. तो क्षण वाया जात नसतो. कोणीतरी त्याच क्षणात रस्ता सुखरूप ओलांडत असते.