योहान न्यूहॉफ : एका प्रवासी चित्रकाराचें चरित्र

जुन्या नकाशांच्या संग्रहांत चीन देशाचा एक डच नकाशा आढळतो. दक्षिणेकडील कँटन शहरापासून उत्तरेकडील पेकिंगपर्यंत एक डच वकिलात कोणत्या मार्गानें गेली, हें त्यावर दाखविलेलें आहे. ज्या ग्रंथांत हा नकाशा आहे तो योहान न्यूहॉफ याच्या टिपणांवरून सिद्ध झाला. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

न्यूहॉफ याचा जन्म इ. स. १६१८ त हॉलंडच्या सीमेजवळील एका जर्मन गांवीं झाला. १६४० त तो डच वेस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत ब्राझीलला गेला व सुमारें नऊ वर्षें तेथें राहिला. पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत तो जावा बेटांतील बटेव्हियास आला. चीनच्या व्यापारांत शिरकाव व्हावा म्हणून कंपनीनें १६५५ त दोन वकील नजराण्यांसह बादशहाकडे धाडिले. न्यूहॉफ हा त्यांचा केवळ कारभारी होता. परंतु वाटेंतील शहरें, नद्या व इमारती यांचीं हुबेहूब चित्रें काढण्याची आज्ञा त्यास होती.

१६५६ च्या मार्चमध्यें ही मंडळी कँटनहून निघाली. मैलिंगचा डोंगर त्यांनीं जमिनीवरून ओलांडला. बाकीचा बहुतेक प्रवास नद्यांनीं व मोठ्या कालव्यानें झाला. नानकिंगचा प्रसिद्ध चिनीमातीचा मनोरा न्यूहॉफनें वाटेंत रेखाटला. जुलैमध्यें मंडळी पेकिंगास पोहोंचली. दरबारच्या रिवाजाप्रमाणें डच वकिलांनीं भूमीस मस्तक लाविलें. त्याच वर्षीं आलेल्या रशियन वकिलानें तसें करण्याचें नाकारिलें व तो भेटीवांचूनच परतला. पण नमूनही डचांचें कार्य साधलें नाहीं. खुल्या व्यापाराऐवजीं आठ वर्षांतून एकदां वकिलात आणण्याची परवानगी तेवढी त्यांस मिळाली.

१६५८ त न्यूहॉफ मायदेशीं गेला व आपलीं टिपणें भाऊ हेंड्रिक याच्या स्वाधीन करून पुन्हां पूर्वेस आला. १६६५ त ॲम्स्टरडॅम येथें सुमारें दीडशें चित्रांसह तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. लवकरच त्याचीं फ्रेंच, जर्मन, लॅटिन व इंग्रजी भाषांतरें निघालीं, व पुढें कित्येक वर्षें युरोपीय लोक चीन देश याच चित्रांतून पाहूं लागले. छापतांना खोदकारांनीं त्यांत पुष्कळ शोभेची भर घातली होती. १९८४ त त्याचें मूळ हस्तलिखित पॅरिस येथें सांपडलें, तेव्हां त्याचीं साधीं रेखाटनें व छापील चित्रें यांतील अंतर कळून आलें.

त्याचें पुढील आयुष्य सुखाचें गेलें नाहीं. आपल्या देशांतील कोल्लम येथें त्यानें कंपनीचा अधिकार चालविला. पण पुढें मोत्यांच्या अवैध व्यापाराच्या आरोपावरून त्यास कैद भोगावी लागली. १६७२ त मादागास्कर बेटावर तो किनाऱ्यास उतरला, तो पुन्हां कोणास दिसलाच नाहीं. त्याच्या इतर प्रवासांचा वृत्तांत भावानें १६८२ त छापविला.

ज्या व्यापारासाठीं एवढी वकिलात गेली तो मिळाला नाहीं. कारभाऱ्यानें वाटेंत केलेलें काम मात्र टिकलें. जें दिसलें तेंच, तसेंच उतरून ठेवणें हें काम लहान दिसतें. पण त्यांत भर घालण्याचा मोह मोठा असतो. निबंध लिहितांना व नकाशा काढतांना आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.