शब्दकोशकार नोआ वेबस्टर

एखादा विद्यार्थी इंग्रजी निबंधात 'कलर' हा शब्द 'यू' गाळून लिहितो. शिक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढतात. मुलगा घरचा शब्दकोश आणून दाखवतो, तर तेथे तेच स्पेलिंग छापलेले! मग चुकले कोण? खरे तर कोणीच नाही. आपण शाळेत ब्रिटिश वळणाचे इंग्रजी शिकतो आणि तो शब्दकोश अमेरिकन वळणाचा असतो. हे दुसरे वळण रूढ करण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा आहे, ते नोआ वेबस्टर मुळात एक शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात, हार्टफर्डजवळ, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. मुलाची शिक्षणाची ओढ पाहून वडिलांनी शेत गहाण टाकले व त्याला येल कॉलेजात पाठविले. १७७८ साली नोआ पदवीधर झाले. स्वातंत्र्ययुद्धाचा काळ होता. वकिलीच्या अभ्यासाला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी मास्तरकी पत्करली.

वर्गातील पुस्तके इंग्लंडची आणि त्यांतील गावांची नावेही इंग्लंडचीच. देश स्वतंत्र होत असताना मुलांनी परक्याच्याच पुस्तकावर विसंबून राहावे, हे त्यांच्या मनाला पटेना. १७८३ साली त्यांनी स्वतःचे स्पेलिंगचे पुस्तक काढले. निळ्या पुठ्ठ्याच्या या पुस्तकाच्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या. लेखकाचा हक्क सुरक्षित राहावा म्हणून कायदा व्हावा, यासाठी ते राज्याराज्यांत हिंडले.

१८०६ साली त्यांनी एक छोटा शब्दकोश छापला आणि नंतर मोठ्या कोशाला हात घातला. शब्दांची मुळे शोधण्यासाठी अरबी, हिब्रू अशा अनेक भाषांचा अभ्यास केला. अखेर १८२८ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, सुमारे ७०,००० शब्दांचा दोन खंडांचा कोश प्रसिद्ध झाला. 'कलर', 'ऑनर' यांतील 'यू' त्यांनी गाळला. 'सेंटर'च्या शेवटी 'आर-ई'ऐवजी 'ई-आर' घातले. ही रूपे त्यांनी नव्याने घडविली असे नव्हे. पूर्वीपासून चालत आलेल्या दोन रूपांतले सुटसुटीत रूप त्यांनी निवडले. 'म्युझिक'च्या शेवटचा जुना 'के' तर पुढे इंग्लंडनेही सोडला. मात्र 'टंग'साठी 'टी-यू-एन-जी' हे त्यांचे स्पेलिंग लोकांनी साफ नाकारले, आणि त्यांनी दिलेल्या अनेक व्युत्पत्ती पुढे चुकीच्या ठरल्या. विद्वानाने सुचवावे, पण स्वीकारायचे की नाही ते समाजाने ठरवावे, हाच भाषेचा नियम आहे.

त्या कोशाच्या अवघ्या २,५०० प्रती छापल्या होत्या आणि त्याही सावकाश खपल्या. दुसऱ्या आवृत्तीसाठी वेबस्टरांनी राहते घर गहाण टाकले. बापाने मुलाच्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकले होते, मुलाने देशाच्या कोशासाठी घर! २८ मे १८४३ रोजी ते निवर्तले. त्यानंतर मेरियम बंधूंनी हक्क विकत घेतले आणि कोश घरोघर पोहोचला.

भाषा स्थळाप्रमाणे बदलते, हे आपल्या खानदेशाला वेगळे सांगायला नको. एरंडोलच्या आसपास कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी उर्दू आणि शाळेत पुस्तकी मराठी. मराठीतही १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी कितीतरी अनुस्वार गाळले, म्हणून आजोबांचे लिहिणे अशुद्ध ठरत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, अमेरिकेत गेल्यास लिफ्टला 'एलिव्हेटर' आणि पेट्रोलला 'गॅस' म्हटलेले ऐकाल, गोंधळू नका. मात्र एका उत्तरपत्रिकेत एकच वळण ठेवा. अर्धे ब्रिटिश, अर्धे अमेरिकन असे लिहू नका. आणि पालकांनो, मुलांच्या शिक्षणासाठी तुम्ही सोसलेली तोशीस वाया जात नाही. वेबस्टरांच्या कोशामागे एका शेतकरी बापाचे गहाण पडलेले शेत होते, हे आपण विसरू नये.