मोत्यांचा व्यापारी, ताडपत्रांचा पारखी : दानवीर शेठ माणिकचंद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दिगंबर जैन समाजात विद्यार्थ्यांची वसतिगृहे, तीर्थक्षेत्रांचे रक्षण, प्राचीन ग्रंथांचा उद्धार आणि स्त्रीशिक्षण अशी जी अनेकविध कार्ये उभी राहिली, त्यांच्या मुळाशी एकच नाव पुनःपुन्हा आढळते. ते नाव म्हणजे मुंबईचे झवेरी दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद, जे. पी. ते मुनी नव्हते, पंडितही नव्हते. ते एक संसारी गृहस्थ होते, मोत्यांचे व्यापारी होते. परंतु खऱ्याखोट्याची पारख करण्याची व्यापारातील दृष्टी त्यांनी समाजाच्या सेवेला वाहिली, हेच त्यांच्या जीवनाचे खरे वैशिष्ट्य होय.

शेठजींचा जन्म १८५१ साली सुरत येथे वीसा हुमड ज्ञातीत झाला. पिता हिराचंद गुमानजी यांची परिस्थिती बेताचीच होती. उदरनिर्वाहासाठी हे कुटुंब मुंबईस आले. मोतीचंद, पानाचंद, माणिकचंद व नवलचंद हे चौघे बंधू. मोत्यांच्या कामात हात घालून त्यांनी हा व्यवसाय अगदी पायापासून आत्मसात केला. त्या काळी इराणी आखातातील मोत्यांची मुंबई ही मोठी बाजारपेठ होती. आकार, गोलाई, रंग आणि पाणी पाहून मोत्यांची प्रतवारी करणे, जोड जमविणे, विंधलेले मोती पोवणे ही सारी कामे डोळ्यांचा व धीराचा कस पाहणारी. अशा व्यवसायात भांडवलाइतकेच मोल विश्वासाचे असते. बंधूंच्या एकजुटीने ‘माणिकचंद पानाचंद झवेरी’ ही पेढी नावारूपास आली आणि एके काळी विवंचनेत असलेल्या घरात लक्ष्मी स्थिरावली.

इ. स. १८८३ मध्ये शेठजी संघ घेऊन दक्षिणेत मूडबिद्रीच्या यात्रेस गेले. तेथील रत्नमय प्रतिमांचे दर्शन ही यात्रेकरूंच्या दृष्टीने मोठी पर्वणी असे. शेठजी तर स्वतः रत्नांचे पारखी. तथापि त्या अमूल्य प्रतिमांपेक्षाही त्यांचे लक्ष वेधले ते तेथील ताडपत्रांनी. आचार्य पुष्पदंत व भूतबली यांच्या षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका, तसेच जयधवल व महाधवल हे सिद्धांतग्रंथ त्या काळी केवळ मूडबिद्री येथेच उरले होते. भाविक त्यांचे दर्शन घेत, वंदन करीत आणि परतत. ताडपत्रे जीर्ण होत चालली आहेत, हे शेठजींच्या नजरेतून सुटले नाही. हे ग्रंथ वाचून त्यांचा अर्थ सांगणारा कोणी आहे काय, याची त्यांनी आवर्जून चौकशी केली व तेथील भट्टारक आणि पंच यांचेही लक्ष या स्थितीकडे वेधले.

मुंबईस परतल्यावर त्यांनी आपले परममित्र, सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना ही चिंता कळविली. ‘जैन बोधक’ या मराठी मासिकाचे संस्थापक असलेले हिराचंदजी पुढच्याच वर्षी श्रवणबेळगोळचे विद्वान ब्रह्मसूरी शास्त्री यांना बरोबर घेऊन मूडबिद्रीस गेले. परंतु शतकानुशतके जपलेल्या ग्रंथांची नक्कल करू देण्यास तेथील मंडळींचे मन वळविणे सोपे नव्हते. त्यात वर्षे गेली. दोघा मित्रांनी चिकाटी सोडली नाही. निधी जमविला आणि अखेर १८९६ साली ब्रह्मसूरी शास्त्री व गजपती उपाध्याय यांच्या हस्ते नकलेचे काम सुरू झाले. ते पूर्ण होण्यास १९२२ साल उजाडले. त्या वेळी शेठजी हयात नव्हते. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून षट्खंडागमाचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. आज हा आगम घरोघरी स्वाध्यायास उपलब्ध आहे, त्याचा आरंभ एका व्यापाऱ्याच्या सावध नजरेत आहे.

हीच दृष्टी शेठजींच्या शिक्षणकार्यातही दिसते. गावात शाळा आहे, मुलगा हुशार आहे, पण शहरात राहण्या-जेवण्याची सोय नाही म्हणून शिक्षण थांबते, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी पित्याच्या नावे मुंबईत जैन बोर्डिंग काढले. अहमदाबाद, कोल्हापूर आदी ठिकाणच्या बोर्डिंगांनाही त्यांचा आधार लाभला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे शिक्षणप्रेमी कार्यरत होते. रयत शिक्षण संस्थेची १९१९ साली स्थापना करणारे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत याच बोर्डिंगमध्ये राहत होते. मुंबईत येणाऱ्या यात्रेकरूंसाठी सी. पी. टँक येथे उभारलेली हिराबाग धर्मशाळा हेही शेठजींनी केलेले पित्याचे स्मारकच होय. १९०२ साली भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले महामंत्रिपद त्यांच्याकडेच आले.

परंतु शेठजींची खरी कसोटी घरातच लागली. त्यांची लाडकी कन्या मगनबाई वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच विधवा झाली. त्या काळी संपन्न घरातील विधवेच्या वाट्यालाही अंधारी खोली व अबोल आयुष्य एवढेच येई. लोक काय म्हणतील, हा प्रश्न प्रतिष्ठित पित्यासमोर अधिकच मोठा असतो. शेठजींनी त्याचे दडपण मानले नाही. त्यांनी कन्येच्या अध्ययनाची व्यवस्था केली, तिला संस्कृत व धर्मग्रंथ शिकविले, प्रवासात आपल्याबरोबर नेले आणि सभेत बोलण्याचे धैर्य दिले. पुत्रीचे दुःख त्यांनी झाकले नाही, त्याला वाट करून दिली. मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला आणि तारदेवच्या जुबिली बागेत अनेक विधवा व निराधार भगिनी शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. हिराचंद नेमचंद यांच्या कन्या कंकुबाई याही या कार्यात त्यांच्या सहकारी होत्या. पित्यांची मैत्री अशा रीतीने कन्यांच्या सेवाकार्यात पुढे चालू राहिली. ‘जैन महिलारत्न’ म्हणून गौरविल्या गेलेल्या मगनबाईंनी १९३० साली देह ठेवीपर्यंत हे व्रत सोडले नाही.

१६ जुलै १९१४ रोजी शेठजींचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ पुतळा न उभारता समाजाने त्यांना साजेसेच स्मारक केले. १९१५ साली माणिकचंद दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू झाली. पं. नाथूराम प्रेमी यांच्या देखरेखीखाली तिने अनेक दुर्मीळ संस्कृत-प्राकृत ग्रंथ केवळ छपाईच्या खर्चात अभ्यासकांच्या हाती दिले.

धन मिळविणारे पुष्कळ असतात, दान करणारेही असतात. कोणत्या ठिकाणी दिलेले दान पिढ्यान् पिढ्या फळ देईल, हे ओळखणारे मात्र विरळा. जीर्ण ताडपत्र, निवाऱ्यावाचून शिक्षण सोडणारा विद्यार्थी आणि दुःखाने खचलेली कन्या, जग ज्यांच्याकडे पाठ फिरविते अशा ठिकाणी शेठजींना मोल दिसले. त्या पारखी दृष्टीला व त्या वत्सल पित्याला विनम्र अभिवादन.