छंदशास्त्राचा छांदिष्ट उपासक : माधव जूलियन

कोल्हापूर : 'छंद' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक आवडीचा, दुसरा कवितेच्या लयीचा. डॉ. माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन यांच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ एकरूप झाले होते.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास झाला. मातृभाषा मराठी, पण पदवीसाठी त्यांनी फारसी निवडली, आणि परीक्षेपुरती घेतलेली ही परभाषा पुढे आयुष्यभर सुटली नाही. १९१८ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी हाच विषय शिकवला. रविकिरण मंडळाचे कवी म्हणून नाव झाले ते याच काळात. १९२४ मध्ये फर्ग्युसन सोडावे लागले आणि पुढची चार वर्षे अस्थिरतेत गेली. मात्र त्यांचा फारसी-मराठी कोश (१९२५), 'विरहतरंग' (१९२६) आणि 'छंदोरचना'ची पहिली आवृत्ती (१९२७) ही सारी याच पडत्या काळातली. शिवकालीन व पेशवेकालीन कागदपत्रे फारसी शब्दांनी भरलेली असल्याने या कोशाचे मोल इतिहासाच्या अभ्यासकांना अधिक.

१९२८ मध्ये ते कोल्हापुरास आले. भवानी मंडपालगत भरणाऱ्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अखेरपर्यंत अध्यापन केले. उमर खय्यामच्या रुबायांचा मूळ फारसीवरून केलेला अनुवाद १९२९ चा. त्यावर समाधान न मानता फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रूपावरून त्यांनी 'द्राक्षकन्या' (१९३१) रचली. तिसरा अनुवाद, 'मधुलहरी', त्यांच्या पश्चात १९४० मध्ये आला. एकाच कवीकडे तीनदा वळणे हे नुसत्या विद्वत्तेचे काम नव्हे. त्याला छंदच हवा!

फारसी पद्याची उभारणीही लघु-गुरू अक्षरांच्या ठराविक क्रमावर होते, हे त्यांच्यातल्या वृत्तांच्या अभ्यासकाने हेरले. म्हणूनच गझलेची वृत्ते मराठीत सहज रुळू शकली. 'गज्जलांजलि' (१९३३) हे त्याचे फळ. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असावा लागतो, हे पथ्य मात्र त्यांच्या रचनांत नेहमी सांभाळले गेलेले दिसत नाही. ती उणीव पुढे सुरेश भटांनी भरून काढली. मराठी पद्याची छंद, जाती आणि वृत्त अशी त्रिविध मांडणी करणाऱ्या 'छंदोरचना'ची सुधारित आवृत्ती १९३७ मध्ये निघाली. या कार्यासाठी १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. तत्पूर्वी १९३६ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले होते.

या चरित्रातील खरा पेच मात्र वेगळाच आहे. फारसीचा हा रसिक पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीचा कडवा पुरस्कर्ता झाला. ज्या शब्दांचा कोश रचला, तेच शब्द मराठीतून दूर सारावेत, असे प्रतिपादन त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) मध्ये केले आणि स्वतःच्या लेखणीलाही तो निर्बंध घातला. त्यामुळे त्यांच्या उत्तरकालीन कवितेचा मोकळेपणा काहीसा उणावला, असे आज वाचताना वाटते. पण यात फारसीचा द्वेष शोधणे अन्यायाचे ठरेल. कारण त्याच वर्षांत खय्यामचा त्यांचा ध्यास चालूच होता.

डी. लिट. मिळाल्यानंतर जेमतेम वर्षभराने, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.