थोड्याशा विषाचा हिशेब मांडणारी रेचल

बचत गटाच्या बैठकीसाठी मी खेड्यात जाते, तेव्हा ओढ्यावर फवारणीचे कपडे धुणाऱ्या बायका दिसतात. हटकलं, तर म्हणतात, थोडंसं तर औषध असतं ताई, जातं वाहून. मलाही तसंच वाटायचं. मग रेचल कार्सनबद्दल वाचलं.

रेचल १९०७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जन्मली. प्राणिशास्त्र शिकली आणि सरकारी मत्स्य खात्यात लागली. वडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. आई आणि दोन भाच्या यांचा भार या अविवाहित मुलीवर आला. पुढे एक भाची वारली, तिचा पाच वर्षांचा मुलगाही हिनेच दत्तक घेतला. समुद्रावरचं तिचं पुस्तक १९५१ मध्ये गाजलं, तेव्हा कुठे नोकरी सोडता आली.

१९५८ मध्ये एका मैत्रिणीचं पत्र आलं. डास मारायला विमानातून डीडीटी फवारलं आणि तिच्याकडची पाखरं मेली. रेचल पुरावे गोळा करायला बसली. त्यातलं कॅलिफोर्नियाच्या क्लिअर लेक तलावाचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. तिथे चिलटांसाठी डीडीटीचंच भावंड, डीडीडी, टाकलं होतं. अगदी मोजूनमापून, पहिल्या वेळी सात कोटी भाग पाण्यात एक भाग! पण ते पाण्यातल्या सूक्ष्म जिवांत साठलं, त्यांच्याकडून माशांत आणि माशांतून पाणपक्ष्यांत. मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत दहा लाखांत १६०० भाग विष निघालं. पाणी तपासून धोका कळणार कसा? शेवटी कोणाच्या पोटात किती गेलं, ते बघायला हवं, हे रेचलने दाखवून दिलं.

हे लिहिताना तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. बाहेर कळू दिलं नाही. सायलेंट स्प्रिंग हे पुस्तक १९६२ मध्ये आलं आणि रसायन कंपन्या तुटून पडल्या. बाई भावनेच्या भरात लिहिते म्हणाले! (हे ऐकायची आपल्याला सवय आहेच.) खरं तर सगळी कीटकनाशकं बंद करा, असं तिचं म्हणणंच नव्हतं. परिणाम न तपासता सरसकट फवारू नका, एवढंच होतं. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीने तिची बाजू बरीचशी उचलून धरली.

१४ एप्रिल १९६४ ला ती गेली, ५६ वर्षांची. अमेरिकेत पिकांवरचं डीडीटी १९७२ मध्ये थांबलं, आपल्याकडे शेतीतलं १९८९ मध्ये. हल्लीची औषधं वेगळी आहेत, हे खरं. तरी ओढ्यावरच्या बायकांना मी क्लिअर लेकची गोष्ट सांगतेच.