हाइनरिश ब्योल : युद्धातला प्रार्थना करणारा लेखक



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, परलोकवासी आप्तांसाठी मिस्सा अर्पण करतो. या निमित्ताने आज आपण एका जर्मन लेखकाची ओळख करून घेऊ या. त्यांच्या युद्धकादंबऱ्यांत श्रद्धा आणि शंका शेजारी-शेजारी बसलेल्या दिसतात. त्यांचे नाव हाइनरिश ब्योल.

ब्योल यांचा जन्म २१ डिसेंबर १९१७ रोजी कोलोन शहरात एका धर्मनिष्ठ कॅथलिक कुटुंबात झाला. वडील सुतारकाम करीत, लाकडात मूर्ती कोरीत. शाळेतील बहुतेक मुले हिटलरच्या युवक संघटनेत गेली, ब्योल गेले नाहीत. मात्र १९३९ साली त्यांना सैन्यात जावेच लागले.

भरती होणाऱ्या कॅथलिक तरुणांसाठी तेव्हा रिट्रीट असे. तिचा अनुभव ब्योल यांनी १९५८ साली एका तरुण कॅथलिकाला लिहिलेल्या खुल्या पत्रात सांगितला. धर्मगुरूने मुलांना वेश्यागृहांपासून दूर राहण्याबद्दल पुष्कळ बजावले. परंतु ज्यूंच्या छळाबद्दल, हिटलरबद्दल, वरिष्ठांचा हुकूम आणि सदसद्विवेकबुद्धी यांचे पटले नाही तर काय करावे याबद्दल तो काहीही बोलला नाही. ही खंत ब्योल यांच्या मनातून कधी गेली नाही.

सहा वर्षे ते फ्रान्स, रशिया, रुमानिया, हंगेरी असे फिरत राहिले. अनेकदा जखमी झाले. १९४२ साली आन्नेमारी या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांना कैद केले, सप्टेंबरमध्ये सोडले. पुढच्याच महिन्यात त्यांचे पहिले तान्हे बाळ दगावले. कोलोन शहराचा तर ढिगारा झाला होता.

त्या ढिगाऱ्यात बसून त्यांनी लेखन केले. १९४९ साली आलेल्या ‘गाडी वेळेवर होती’ या पुस्तकात आंद्रेआस नावाचा सैनिक रजा संपवून आघाडीकडे निघतो. त्याला निरोप देणारा मित्र धर्मगुरू आहे. आपण लवकरच मरणार हे आंद्रेआसला आतून कळलेले असते. प्रवासात तो प्रार्थना करतो, आणि ती फक्त स्वतःसाठी नाही. ज्या ज्यूंवर त्याच्याच देशाने अत्याचार केले, त्यांच्यासाठीही तो प्रार्थना करतो. त्याची प्रार्थना गाडी थांबवत नाही. मरणही टाळत नाही.

१९५१ सालच्या ‘आदाम, तू कोठे होतास?’ या कादंबरीचे नाव एदेन बागेत लपलेल्या आदामाची आठवण देते. युद्ध चालू होते, ही देवापुढे सांगण्याची सबब होऊ शकत नाही, असा तिचा रोख आहे. तिच्यात इलोना नावाची ज्यू वंशाची कॅथलिक शिक्षिका आहे. छळछावणीचा अधिकारी गायनवेडा. तो कैद्यांना गायला लावतो. इलोना सर्व संतांची लितानी गाते. तिच्या सुरांतली श्रद्धा त्याला सोसवत नाही आणि तो तिला गोळ्या घालतो. कादंबरीचा नायक फाइनहाल्स युद्धाच्या शेवटी घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो आणि आपल्याच सैन्याच्या तोफगोळ्याने मरतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना दुःखाच्या प्रश्नावर आम्ही पाने भरभरून उत्तरे लिहिली आणि चांगले गुण मिळवले. ब्योल वाचल्यावर ती उत्तरे हलकी वाटू लागली. देव गप्प का राहिला, हे ते कोठेच समजावून सांगत नाहीत. त्यांची माणसे मात्र त्या गप्प राहिलेल्या देवाशीच बोलत राहतात.

१९७२ साली ब्योल यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. चर्चची सत्तेशी जवळीक आणि सरकारमार्फत वसूल होणारा चर्चचा कर यांवर ते कडाडून टीका करीत राहिले. १९७६ साली पती-पत्नींनी चर्चचे अधिकृत सदस्यत्व सोडले. आपण संस्थेतून बाहेर पडलो, श्रद्धेतून नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १६ जुलै १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. दफनविधीला प्रार्थना करण्यासाठी त्यांचे एक धर्मगुरू मित्र उभे होते.

त्यांचा तो निर्णय आम्हाला पटत नाही. आई चुकली म्हणून घर सोडू नये, असे आम्हाला वाटते. पण त्या रिट्रीटची गोष्ट वाचल्यापासून रविवारचे प्रवचन तयार करताना आम्ही थबकतो. आज आपण कशाबद्दल बोलणार आहोत, आणि कशाबद्दल बोलायचे टाळत आहोत?

तुमच्या घरातही कोणी मिस्साला येणे सोडले असेल. त्याच्यावर रागावण्याआधी, तो कोणता प्रश्न घेऊन बाहेर गेला हे एकदा त्याला विचारा. त्याचे ऐकून घ्या. आणि या महिन्यात दफनभूमीत मेणबत्ती लावाल, तेव्हा ज्यांना कबरसुद्धा मिळाली नाही, अशा युद्धात मेलेल्या सर्वांसाठी एक प्रार्थना म्हणा.